नव्या औषधाची बातमी आली की काय वाचायचं? साथीच्या काळातलं संशोधन आणि उपचारांच्या सूचना समजून घेण्याचा क्रम

२०२१ च्या एप्रिलमधला शेवटचा आठवडा. रात्री साडेदहाला चुलतभावाचा फोन आला. "ताई, बाबांसाठी रेमडेसिविर पाहिजे, सहा व्हायल. तुझ्या ओळखीत कुणी आहे का?" काका ६६ वर्षांचे, मधुमेह जुना. ताप येऊन तिसरा दिवस. ऑक्सिमीटर ९७ दाखवत होता. सकाळी एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा स्कॅन, करून आणलेला, स्कोअर २५ पैकी ६. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलंय का, असं मी विचारलं. "नाही, पण नंतर मिळणार नाही म्हणून सगळे आधीच घेऊन ठेवतायत."

मी डॉक्टर नाही, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. इंजेक्शन मिळवून देणं माझ्या हातात नव्हतं, कागद वाचणं होतं. एम्स आणि आयसीएमआरच्या राष्ट्रीय कृती दलाने त्याच महिन्यात, २२ एप्रिलला, प्रौढ रुग्णांच्या उपचारांचा तक्ता काढला होता. त्यात रेमडेसिविरपुढे स्पष्ट लिहिलेलं: ऑक्सिजन लागणाऱ्या मध्यम ते गंभीर रुग्णांसाठी, लक्षणं सुरू झाल्यापासून १० दिवसांच्या आत, याचा विचार करता येईल, ऑक्सिजन न लागणाऱ्या किंवा घरी असलेल्या रुग्णांना देऊ नये. त्या ओळींचा फोटो मी भावाला पाठवला आणि म्हटलं, आधी फॅमिली डॉक्टरांना उठव, मग माणसं शोधू.

त्यानंतरचे दोन महिने असे फोन येतच राहिले. प्लाझ्मा (बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातला द्रव) कुठे मिळेल, आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध सगळ्यांनी घ्यावं का, स्टिरॉइड आजच सुरू करू का. प्रत्येक वेळी मी कागद उघडून बसायचे आणि हळूहळू वाचण्याचा एक क्रम ठरत गेला. तोच इथे देते आहे. उदाहरणं सगळी कोविडची, कारण तिथे आता निकाल हाती आहेत आणि कोण बरोबर होतं ते पडताळता येतं. पुढची साथ कशाचीही असो, क्रम हाच उपयोगी पडेल. यावरून घरी औषध ठरवायचं नाही. डॉक्टरांपुढे बसताना प्रश्न नेमका असावा, एवढ्यासाठी हे वाचायचं.

पायरी १: बातमी कशावरून आली ते शोधा

"संशोधकांना मोठं यश" या मथळ्यामागे चारपैकी एक काहीतरी असतं: कंपनीचं किंवा विद्यापीठाचं प्रसिद्धिपत्रक, प्रीप्रिंट, नियतकालिकात छापलेला शोधनिबंध, किंवा सरकारी वा जागतिक संस्थेची मार्गदर्शक सूचना. बातमीत हे सहसा दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात दडलेलं असतं. तेवढं शोधलं की बातमीचं वजन कळतं.

प्रीप्रिंट म्हणजे तज्ज्ञांनी अजून न तपासलेला निबंध. साथीत वेळ नसतो म्हणून संशोधक तो आधीच सगळ्यांसमोर ठेवतात, आणि ते योग्यच आहे. मेडआर्काइव्ह या संकेतस्थळावर तर वरच सूचना असते की यावरून रुग्णांवरचे उपचार ठरवू नयेत. नोव्हेंबर २०२० मध्ये इजिप्तमधून आयव्हरमेक्टिनचा एक प्रीप्रिंट रिसर्च स्क्वेअर या संकेतस्थळावर आला. त्यात मृत्यूंत प्रचंड घट दाखवलेली होती. पुढे अनेकांनी वेगवेगळे अभ्यास एकत्र करून जे निष्कर्ष काढले, त्यांत या एका निबंधाचा भार मोठा होता. जुलै २०२१ मध्ये एका विद्यार्थ्याने त्यातल्या मजकुराची आणि आकड्यांची गडबड उघड केली आणि निबंध मागे घेतला गेला. मधल्या आठ महिन्यांत आपल्याकडची दुसरी लाट येऊन गेली होती.

छापलेला निबंधही डोळे मिटून घेऊ नये. २२ मे २०२० ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधावर एक अभ्यास आला. ६७१ रुग्णालयं, ९६ हजार रुग्ण, आणि औषधाने मृत्यू वाढतात असा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेने तीन दिवसांत आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. मग ऑस्ट्रेलियातल्या लोकांच्या लक्षात आलं, की निबंधातले त्यांच्या देशातले मृत्यू सरकारी आकड्यापेक्षा जास्त आहेत. माहिती ज्या कंपनीची, तिने मूळ नोंदी दाखवायला नकार दिला. ४ जूनला निबंध मागे घेण्यात आला. दोन आठवडेसुद्धा टिकला नाही.

म्हणून एक सवय लावून घ्या. निबंधाचं नाव पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या मोफत सूचीत टाकून बघा. मागे घेतलेल्या निबंधाच्या डोक्यावर तशी ठळक पट्टी असते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

प्रसिद्धिपत्रक मात्र सरसकट टाकाऊ समजू नका. डेक्सामेथासोनचा निकाल १६ जून २०२० ला प्रसिद्धिपत्रकानेच आला, सहा दिवसांनी प्रीप्रिंट आला, आणि तो निकाल टिकला. उलट १ ऑक्टोबर २०२१ ला मोल्नुपिराविर या गोळीचं पत्रक आलं: रुग्णालयात दाखल होण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ५० टक्क्यांनी कमी. तो अंतरिम निकाल होता, १४.१ टक्क्यांविरुद्ध ७.३ टक्के. सगळ्या रुग्णांचा हिशोब झाला तेव्हा फरक ९.७ विरुद्ध ६.८ वर आला, म्हणजे घट ३० टक्के. पत्रकात 'अंतरिम' हा शब्द दिसला, की त्यापुढचा आकडा पेन्सिलीने लिहायचा.

पायरी २: प्रयोग कशावर झाला?

ही पायरी लहान आहे, पण ती चुकली तर पुढचं सगळं चुकतं. एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत आयव्हरमेक्टिनने ४८ तासांत विषाणूचं प्रमाण जवळजवळ ५,००० पटींनी घटवलं. हे खरं होतं, पण काचेच्या ताटलीतल्या पेशींमध्ये. तिथे वापरलेलं औषधाचं प्रमाण माणसाच्या रक्तात नेहमीच्या डोसने जेवढं पोचतं त्याच्या कितीतरी पट होतं. ताटलीत विषाणू मारणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्यातली कोणती गिळून उपयोगाची, हे माणसांवरच्या चाचणीनेच कळतं. बातमीत 'प्रयोगशाळेत', 'पेशींवर', 'उंदरांमध्ये' असे शब्द दिसले तर बातमी कापून ठेवा आणि माणसांवरच्या निकालाची वाट बघा.

पायरी ३: तुलना कोणाशी, आणि वाटणी कुणी केली?

"माझ्या ओळखीच्या दहा जणांनी घेतलं, दहाही बरे झाले." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कोविड झालेले बहुतेक लोक काहीही न घेता बरे होणारच होते. औषधाने फरक पडला का, हे कळायला औषध न घेतलेले तसेच दुसरे दहा जण लागतात. आणि हे 'तसेच' जमवणंच अवघड असतं.

डॉक्टरांनी आपल्या मनाने ठरवलं, की याला देऊ आणि त्याला नको, तर नकळत धडधाकट माणसं एका बाजूला जातात. म्हणून सोडत काढतात. म्हाडाच्या घरांची काढतात तशीच, संगणकावर, म्हणजे कुणाला काय मिळणार यावर कुणाची मर्जी चालत नाही. वय, मधुमेह, वजन, घरची परिस्थिती, सगळं दोन्ही गटांत आपोआप जवळजवळ सारखं वाटलं जातं. निबंधाच्या नावात किंवा सारांशात 'रँडमाइज्ड' हा शब्द शोधायचा तो यासाठी.

मुंबईकरांना याची जुनी आठवण असायला हरकत नाही. प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या कैद्यांची तुलना केली. कैद्यांना तेव्हा खरोखर किती मोकळेपणाने नकार देता आला असेल, हा प्रश्न मला आजही बोचतो. पण एका छपराखाली, एकच अन्न खाणारे दोन गट ठेवून बघायचं ही त्यांची दृष्टी नेमकी होती.

तुलना बिघडली की काय होतं, त्याचा नमुना म्हणजे मार्च २०२० चा फ्रान्सच्या मार्से शहरातला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा अभ्यास. जगभर त्या गोळीची लाट त्यानेच उठवली. औषध घेणारे २६ जण होते, पण निकालात २०च मोजले गेले. उरलेल्या सहांचं काय झालं? तिघांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं, एक दगावला, एक रुग्णालय सोडून गेला, एकाला मळमळीमुळे औषध थांबवावं लागलं. मी हे वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा मुलं दोन मिनिटं गप्प होतात. ज्यांची तब्येत बिघडली तेच हिशोबातून बाहेर, मग उरलेल्यांचा निकाल चांगला येणारच. डिसेंबर २०२४ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' या सोडत पद्धतीच्या मोठ्या चाचणीत हेच औषध १,५६१ रुग्णांना दिलं आणि ३,१५५ जणांना नेहमीचे उपचार. २८ दिवसांतले मृत्यू अनुक्रमे २७ टक्के आणि २५ टक्के. फायदा नाही.

निबंध हातात आला की पहिल्या तक्त्याआधी रुग्णांची वाटणी दाखवणारी आकृती बघा. किती जण आले, किती गटात गेले, किती शेवटपर्यंत मोजले. मधे माणसं गळाली असतील तर का गळाली ते लिहिलेलं हवं.

पायरी ४: मोजलं काय?

एप्रिल-मे २०२१ मध्ये व्हॉट्सॲपवर प्लाझ्मादात्यांच्या शोधाचे संदेश दर तासाला येत होते. रक्तगट, रुग्णालय, नातेवाइकांचा नंबर, खाली 'कृपया पुढे पाठवा'. प्रत्येक संदेशामागे कुणाचा तरी बाप किंवा बहीण होती, हे आठवलं की अजून गलबलून येतं. कारण उत्तर तेव्हा आलेलं होतं, आणि आपल्याच देशातून आलेलं होतं.

आयसीएमआरने 'प्लासिड' नावाची चाचणी २०२० च्या एप्रिल ते जुलैदरम्यान देशभरातल्या ३९ रुग्णालयांत घेतली. मध्यम आजारी ४६४ रुग्ण, सोडत पद्धतीने दोन गट. मुख्य मोजमाप आधीच ठरवलं होतं: २८ दिवसांत आजार गंभीर होणं किंवा मृत्यू. प्लाझ्मा घेतलेल्यांत ते ४४ जणांच्या बाबतीत घडलं, न घेतलेल्यांत ४१. म्हणजे १९ टक्के आणि १८ टक्के. ऑक्टोबर २०२० मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

त्याच निबंधात आणखी एक ओळ आहे. सातव्या दिवशी प्लाझ्मा गटात जास्त रुग्णांची विषाणूचाचणी निगेटिव्ह आली होती, दमही थोडा कमी वाटत होता. फक्त एवढीच ओळ उचलली असती तर बातमी झाली असती 'प्लाझ्माने विषाणू लवकर जातो'. पण विषाणू लवकर गेला म्हणून माणूस वाचला असं झालं नाही. अहवाल निगेटिव्ह येणं, रक्तातला एखादा आकडा उतरणं, सीटी स्कोअर कमी होणं, हे सगळं वाटेतलं आहे. घरच्यांना हवं असतं ते वेगळं: माणूस जगला का, व्हेंटिलेटर टळला का, घरी कधी आला. बातमीत यातलं नेमकं काय मोजलं ते बघा.

आणि ते आधीच ठरवलं होतं का, हेही बघता येतं. भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या नोंदणीत आधी नोंदवाव्या लागतात. 'प्लासिड'चा क्रमांक सीटीआरआय/२०२०/०४/०२४७७५. तो शोधात टाकला की चाचणीचा आराखडा उघडतो. त्यातलं मुख्य मोजमाप आणि छापलेल्या निबंधातलं मुख्य मोजमाप जुळलं पाहिजे. बाण मारून झाल्यावर त्याभोवती वर्तुळ काढलं, की नेम बरोबरच लागलेला दिसतो.

मे २०२१ मध्ये 'रिकव्हरी'नेही ११ हजारांहून जास्त रुग्णांचा प्लाझ्माचा निकाल छापला: दोन्ही गटांत मृत्यू २४ टक्के. १७ मे २०२१ ला प्लाझ्मा आपल्या राष्ट्रीय सूचनांतून वगळण्यात आला. 'प्लासिड' छापून आल्यापासून जवळजवळ सात महिने गेले होते.

पायरी ५: टक्क्यांच्या मागची माणसं मोजा

'धोका ८७ टक्क्यांनी कमी' हे ऐकताना १०० पैकी ८७ जण वाचले असं डोळ्यांसमोर येतं. तसं नसतं. हा आकडा खरा आहे आणि तो रेमडेसिविरचाच आहे. 'पाइनट्री' नावाच्या चाचणीत लस न घेतलेल्या, जास्त जोखमीच्या, घरी असलेल्या ५६२ रुग्णांना आजाराच्या पहिल्या सात दिवसांत तीन दिवस इंजेक्शन किंवा तुलनेसाठी तसंच दिसणारं, औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. रुग्णालयात दाखल व्हावं लागलं ते २७९ पैकी दोघांना आणि २८३ पैकी १५ जणांना. म्हणजे ०.७ टक्के आणि ५.३ टक्के. त्या दोन आकड्यांचं गुणोत्तर काढलं की ८७ टक्के घट येते. वजाबाकी केली की ४.६ येतात. १०० ला ४.६ ने भागा: साधारण २२. म्हणजे अशा २२ जणांना औषध दिलं तर एकाचं रुग्णालयात जाणं टळतं. दोन्ही गटांत २८ दिवसांत मृत्यू एकही नाही.

हे औषध वाईट आहे असं यातून निघत नाही. २२ ला एक हा चांगला परिणाम आहे. पण तीन दिवस शिरेतून इंजेक्शन घ्यायला जाणं, त्याचा खर्च, आणि माणसाची स्वतःची जोखीम हे सगळं तराजूत टाकायला २२ हा आकडा कामाचा, ८७ हा नाही. कोणत्याही बातमीत दोन्ही गटांचे मूळ आकडे शोधा. ते दिलेलेच नसतील तर निबंधाच्या सारांशात सापडतात.

एक प्रामाणिक कबुली इथेच द्यायला हवी. ही चाचणी डिसेंबर २०२१ मध्ये छापून आली. काका ६६ वर्षांचे, मधुमेही, तिसरा दिवस, लस नाही: म्हणजे बरोबर या चाचणीतले रुग्ण. मग मी भावाला पाठवलेला फोटो चुकीचा होता का? त्या रात्री हा पुरावा कुणाच्याच हातात नव्हता, आणि ज्यांना ऑक्सिजन लागत होता त्यांच्यासाठीसुद्धा व्हायल पुरत नव्हत्या. तरीही हे मी लिहून ठेवलं आहे, कारण कुठल्याही सल्ल्यावर तारीख घालायला मी यावरून शिकले.

पायरी ६: कोणत्या रुग्णाला, आजाराच्या कितव्या दिवशी?

सगळ्या पायऱ्यांतली ही सर्वांत महत्त्वाची. वेळ नसेल तर हीच वाचा.

डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुनं, गावातल्या मेडिकलमध्येही मिळणारं स्टिरॉइड. 'रिकव्हरी' चाचणीत २,१०४ रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं, आणि ४,३२१ जणांना नेहमीचे उपचार. एकूण मृत्यू २२.९ टक्के विरुद्ध २५.७ टक्के. बातमी झाली 'स्टिरॉइडने जीव वाचतो'. बातमी खरी होती, पण तिच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी होत्या.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. आधीच्या पायरीसारखी वजाबाकी करा: दर आठ जणांमागे एक जीव. साथीच्या त्या टप्प्यावर याहून मोठी गोष्ट कुणाच्या हाती लागलेली नव्हती. ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३, म्हणजे साधारण ३५ जणांमागे एक. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात? औषध न घेतलेल्यांत मृत्यू १४ टक्के, घेतलेल्यांत १७.८ टक्के. आकडा उलट्या दिशेला गेला.

या शेवटच्या ओळीवर जरा थांबते. निबंधात तिच्यापुढे लिहिलंय: गुणोत्तर १.१९, पट्टा ०.९२ ते १.५५. गुणोत्तर १ पेक्षा कमी म्हणजे फायदा, जास्त म्हणजे नुकसान. पट्टा सांगतो, की खरा आकडा या दोन टोकांच्या दरम्यान असणं आपल्या माहितीशी सुसंगत आहे. इथे पट्टा १ च्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे, म्हणून नुकसान सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. पण त्याचा मोठा भाग नुकसानीच्या बाजूला आहे, आणि फायद्याची खूण नाही. घरी बसलेल्या, ९७ ऑक्सिजन असलेल्या माणसाने हे औषध घेण्यामागे या तक्त्यात आधारच नाही.

असं का होतं, हे डॉक्टरांनी मला सोप्या शब्दांत सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो आणि शरीराची फौज त्याच्याशी लढत असते. दुसऱ्या आठवड्यात काही जणांमध्ये ती फौजच अनावर होऊन फुप्फुसांवर उलटते. स्टिरॉइड फौजेला आवरतं. दुसऱ्या आठवड्यात, दम लागल्यावर, ते तारतं. दुसऱ्या दिवशी, नुसता ताप असताना, ते लढणाऱ्यांचेच हात बांधतं. चाचणीतही लक्षणं सुरू होऊन सात दिवस उलटलेल्या रुग्णांना जास्त फायदा झालेला दिसला.

मे २०२१ मध्ये महाराष्ट्राने याची किंमत डोळ्यांनी पाहिली. म्युकरमायकोसिस, म्हणजे 'काळी बुरशी'. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अवेळी, जास्त किंवा लांबलेला वापर, या जोडीवर ती बुरशी फोफावली. तिच्यावरच्या ॲम्फोटेरिसिन-बी या औषधासाठी धावाधाव झाली, लोकांचे डोळे आणि जबडे काढावे लागले. २० मे ला केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. स्टिरॉइड मुळात चांगलं की वाईट, या वादाचं उत्तर त्या तक्त्याच्या तीन ओळींत होतं. लोकांपर्यंत मात्र मथळ्यातली एकच ओळ पोचली.

तेव्हा कोणत्याही औषधाच्या बातमीपुढे हे लिहायचं: वय, इतर आजार, लस, ऑक्सिजन लागतो का, लक्षणांचा दिवस कितवा. चाचणीतले रुग्ण असे होते, आपला माणूस असा आहे. जुळत नसेल तर तो निकाल आपला नाही. मोल्नुपिराविरच पुन्हा बघा: ३० टक्के घट लस न घेतलेल्यांत दिसली होती, ब्रिटनमध्ये बहुतेक लस घेतलेल्या २५ हजारांहून जास्त लोकांत पाहिलं तेव्हा दाखल होणं किंवा मृत्यू दोन्ही गटांत एक टक्क्याच्या आतच, सारखेच.

पायरी ७: मार्गदर्शक सूचनेची क्रियापदं आणि तारीख

सूचना वाचताना औषधाच्या नावाआधी क्रियापद वाचा. 'द्यावे', 'विचार करता येईल', 'देऊ नये', 'फक्त चाचणीतच द्यावे' या चार वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटना शिफारशीला 'ठाम' किंवा 'सशर्त' असं लावते. ठाम म्हणजे बहुतेक सगळ्या रुग्णांना लागू. सशर्त म्हणजे माणूस बघून ठरवा.

एप्रिल २०२१ च्या आपल्या राष्ट्रीय तक्त्यात सौम्य आजारासाठी आयव्हरमेक्टिन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन होतं, पण 'देता येईल' या वर्गात, आणि पुराव्याची खात्री कमी असल्याचा शेरा मारून. तिथून ते चिठ्ठीवर आलं तेव्हा 'देता येईल' गळालं आणि उरलं 'दिवसातून एकदा, जेवणानंतर'. त्या महिन्यातली एका शेजाऱ्यांची चिठ्ठी मी पाहिली आहे. सौम्य ताप, आणि आयव्हरमेक्टिन, डॉक्सिसायक्लिन, ॲझिथ्रोमायसिन, झिंक, व्हिटॅमिन सी, शिवाय स्टिरॉइड. यातल्या पहिल्या पाचांपैकी एकाचाही घरच्या रुग्णांना फायदा होतो असं पुढच्या चाचण्यांत दिसलं नाही.

गोव्यात १० मे २०२१ ला १८ वर्षांवरच्या सगळ्यांना प्रतिबंध म्हणून आयव्हरमेक्टिन देण्याचं जाहीर झालं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधी मार्चअखेरीसच सांगितलं होतं, की हे औषध चाचणीबाहेर वापरू नये. सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय सूचनांतून ते गेलं, आणि मार्च २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या १,३५८ रुग्णांच्या चाचणीतही त्याचा फायदा दिसला नाही. मंत्र्यांची घोषणा, टीव्हीवरच्या डॉक्टरांचं मत आणि सूचनेतलं वाक्य, या तिन्हींत फरक असला तर लेखी सूचना धरा.

सूचना बदलल्या की लोक चिडतात. "काल हो म्हणाले, आज नाही म्हणतात." ही चीड मला कळते, तरी बदललं काय ते बारकाईने बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दाखल रुग्णांसाठी रेमडेसिविर नको म्हटलं, कारण तिच्या 'सॉलिडॅरिटी' चाचणीत औषध घेतलेल्या २,७४३ पैकी ३०१ आणि न घेतलेल्या २,७०८ पैकी ३०३ दगावले होते. एप्रिल २०२२ मध्ये तिनेच, आजार गंभीर नसलेल्या पण जोखीम जास्त असलेल्या रुग्णांसाठी सशर्त होकार दिला, 'पाइनट्री'सारखे निकाल आल्यावर. दोन्ही वाक्यांतला रुग्ण वेगळा आहे.

म्हणून तुमच्याकडे आलेल्या पीडीएफची तारीख आणि आवृत्ती बघा. व्हॉट्सॲपवर फिरणारं पान बहुधा जुनं असतं. मूळ संकेतस्थळ उघडून ताजी आवृत्ती उतरवून घ्या, आणि जुनीही ठेवा. दोन्ही शेजारी ठेवून वाचली, की काय वगळलं ते दोन मिनिटांत दिसतं.

पायरी ८: डॉक्टरांपुढे हे कसं मांडायचं

साथीत डॉक्टरांकडे एका रुग्णासाठी जेमतेम पाच मिनिटं असतात. तिथे निबंध वाचून दाखवू नका. एका कागदावर आधी रुग्णाचं लिहा: लक्षणांचा पहिला दिवस कोणता, ताप, ऑक्सिमीटरचे आकडे वेळेसकट, साखर, चालू असलेली सगळी औषधं. आकडा घेताना रुग्ण पाच मिनिटं शांत बसलेला हवा, बोट गार नको, नेलपॉलिश नको. गडद त्वचेवर ऑक्सिमीटर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, हे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं आहे. त्यामुळे एका आकड्यापेक्षा दिवसभरात तो कुठल्या बाजूला सरकतोय ते बघा. श्वास मिनिटाला किती, तेही मोजा. २४ किंवा जास्त असतील, किंवा आकडा ९३ वर आला, तर आपल्या राष्ट्रीय सूचनांप्रमाणे तो रुग्ण सौम्य राहिलेला नाही, लगेच दाखल करण्याचं बघायचं.

मग प्रश्न, तीनच. हे औषध यांच्या आजाराच्या या टप्प्यासाठी आहे का? न दिल्यास काय होण्याची शक्यता आहे? कोणता बदल दिसला तर तुम्हाला लगेच कळवू? या प्रश्नांनी डॉक्टर दुखावत नाहीत. माझा अनुभव उलटा आहे. "सगळे घेतायत, आम्हालाही द्या" याने त्यांच्यावर दडपण येतं. असं नेमकं विचारलं, की ते खुर्ची पुढे ओढून बोलतात.

काकांच्या डॉक्टरांनी त्या रात्री अकरा वाजता फोन उचलला. इंजेक्शन नाही, स्टिरॉइड नाही, पॅरासिटामॉल, साखरेवर लक्ष, आणि दर चार तासांनी ऑक्सिजन लिहून ठेवा, असं त्यांनी सांगितलं. काकूने भिंतीवरच्या कालनिर्णयचं एप्रिलचं पान उलटं करून त्यावर रेघा मारल्या. सातव्या दिवशी आकडा ९५ झाला, आठव्या दिवशी पहाटे ९४. भावाने त्या पानाचा फोटो डॉक्टरांना पाठवला. त्यांनी दिवसातून तीनदा पालथं झोपायला सांगितलं आणि ९३ दिसला तर थेट निघा म्हणाले. गाडीत ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवलेला होता, आधारकार्डं आणि अहवाल पिशवीत भरलेले. दहाव्या दिवशी ९६ आला. ते पान काकूने अजून देवघराच्या खणात ठेवलं आहे, पेनाने लिहिलेल्या आकड्यांसकट.